छोटा कुत्रा म्हणजे सोपा कुत्रा, हे सांगणं थांबायला हवं

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांबद्दल कुठेही काही छापून आलं की त्यात एक सल्ला हमखास असतो, घर लहान असेल, वेळ कमी असेल, घरात म्हातारी माणसं असतील तर छोट्या आकाराचा कुत्रा घ्या. सोबत फोटो असतो आणि त्या फोटोत बऱ्याचदा एक कान उभा, एक कान पडलेला असा टेरियर क्रॉस, म्हणजे टेरियर आणि दुसऱ्या जातीचा मिश्र कुत्रा असतो. लोक हे वाचून, फोटो बघून खरंच तसा कुत्रा घरी आणतात, आणि आठ-दहा महिन्यांनी तोच कुत्रा कुणीतरी घ्या म्हणून फोन फिरवत बसतात. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

आमच्या घरी असाच एक आहे, भुऱ्या. आई जॅक रसेल टेरियर, बाप कोण ते ज्यांच्याकडून आणला त्यांनाही माहीत नव्हतं. पिल्लू होता तेव्हापासून आता तोंडावरचे केस पांढरे व्हायला लागले तोपर्यंत तो आमच्यासोबत आहे आणि माझं त्याच्यावर अतोनात प्रेम आहे हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी लोकांना असे कुत्रे घेऊ नका म्हणतेय. तसं अजिबात नाही. घ्या, जरूर घ्या, पण तो छोटा का आहे हे समजून घ्या.

टेरियर छोटा आहे तो बिळात शिरता यावं म्हणून. मांडीवर बसवायला कुणी त्याला छोटा केलेला नाही. ब्रिटनमधले शेतकरी आणि शिकारी कोल्हा, बॅजर (बीळ खणून राहणारा एक प्राणी), घुशी, उंदीर यांच्यामागे सोडायला हे कुत्रे पाळायचे, आणि जो कुत्रा बिळात मावायचा, आत अंधारात एकटा जाऊन समोरच्या जनावराला भिडायचा, मागे हटायचा नाही, त्याचीच पिल्लं पुढे ठेवली जायची. जॅक रसेल हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते जॉन रसेल इंग्लंडमधल्या डेव्हनचे पाद्री होते, शिकारीचे प्रचंड वेडे, आणि १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची टेरियर मादी घेतली, तिथून ती लाइन सुरू झाली. आजही डॉग शोमध्ये जज या कुत्र्याची छाती दोन्ही हातांच्या पंजात धरून बघतात, मावली पाहिजे, कारण मावली नाही तर कोल्ह्याच्या बिळात तो अडकणार. म्हणजे ज्या लहानपणाला आपण गोंडस म्हणतो ते कामाचं माप आहे.

आता या कामाचा नीट विचार करा. बिळात गेल्यावर मालक दिसत नाही, त्याचा आवाज पोहोचत नाही, काय करायचं ते कुत्र्याने स्वतः ठरवायचं. वर उभ्या माणसांना कुठे खणायचं हे कळावं म्हणून आतून सतत भुंकायचं. वाट बंद असेल तर पंजांनी उकरायची. समोरचं जनावर चावलं तरी सोडायचं नाही. भुंकणं, उकरणं, स्वतःच्या डोक्याने चालणं आणि चिकाटी, फ्लॅटमध्ये ज्या चार गोष्टींची तक्रार होते त्याच या चार गोष्टी, आणि त्या पिढ्यान्पिढ्या निवडून निवडून पक्क्या केलेल्या आहेत. मेंढ्या राखणारा कुत्रा काम करताना माणसाकडे बघत राहतो कारण त्याचं काम माणसाच्या इशाऱ्यावर चालतं. टेरियरला इशाऱ्याची वाट बघायला शिकवलेलंच नाही. त्यामुळे भुऱ्याला हाक मारली की तो आधी विचार करतो, मग येतो, आणि लोक म्हणतात हट्टी आहे. मला तो हट्टी वाटत नाही. विचार करणारा वाटतो.

लहानपणाचा फायदा कसा होतो याची एक गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन सैनिकाकडे स्मोकी नावाची यॉर्कशायर टेरियर होती, अगदी चिमुकली. १९४५ मध्ये फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर विमानतळाच्या धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. खाली पाइप होता, ८ इंच व्यासाचा, सुमारे ७० फूट लांब, त्यातही ठिकठिकाणी माती साचलेली. धावपट्टी खणायची तर दिवसच्या दिवस विमानं बंद आणि माणसं उघड्यावर. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, पलीकडून मालकाने हाका मारल्या आणि ती त्या अंधाऱ्या पाइपमधून आरपार गेली. यॉर्की म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर डोक्यावर रिबन बांधलेला कुत्रा येतो, पण यॉर्कीसुद्धा मुळात उंदीर मारणाऱ्यांच्या घराण्यातलाच.

क्रॉसच्या बाबतीत अजून एक गुंता आहे आणि तो कुणी समजावून सांगत नाही. टेरियर आणि पूडल, टेरियर आणि पग, टेरियर आणि बीगल, टेरियर आणि चिवावा असे कितीतरी मेळ बघायला मिळतात आणि घेणाऱ्याला सांगितलं जातं की दोघांचे चांगले गुण आलेत. गुण असे वाटून येत नाहीत. एकाच वेतातलं एक पिल्लू दिवसभर लोळतं आणि दुसरं पडद्यावर चढतं. सायन्स या नियतकालिकात २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला, त्यात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती होती आणि त्यातल्या अनेक कुत्र्यांचा डीएनएही तपासला होता, मिश्र जातीचे कुत्रेही भरपूर होते. त्यातून दिसलं की कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्केच फरक जातीमुळे समजतो. मग कुणी विचारेल की बाई, तुम्ही तर आत्ताच टेरियरच्या रक्ताबद्दल एवढं सांगितलंत. दोन्ही खरं आहे. जातीचं लेबल वाचून अमुक कुत्रा कसा निघेल ते सांगता येत नाही, पण समोरचा कुत्रा खेळणं तोंडात धरून मान झटकतोय, अंथरुण उकरतोय, सोफ्याखालच्या फटीत नाक खुपसून तिथून हलत नाहीये हे दिसलं की हे कुठून आलं ते कळलेलं बरं असतं, कारण मग आपण त्याला ओरडत नाही, त्याला त्याची जागा देतो. मान झटकणं म्हणजे उंदराचा मणका मोडायची हालचाल आहे. खेळण्याच्या बाबतीत ती अगदी निरुपद्रवी, पण घरात हॅमस्टर, ससा, पक्षी असेल तर आधीच विचार केलेला बरा, कुत्रा कितीही प्रेमळ असला तरी. भुऱ्या माणसांच्या बाळाजवळ तासभर शांत पडून राहतो आणि खिडकीत खार दिसली की त्याच क्षणी वेगळा कुत्रा होतो, दोन्ही भुऱ्या खरे आहेत.

एनर्जीबद्दल सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला मिळतो आणि तो म्हणजे दमवा त्याला. बॉल टाका, पळवा, अजून पळवा. तासभर बॉल फेकून घरी आणलेला टेरियर क्रॉस अर्ध्या तासात परत बॉल घेऊन उभा राहतो आणि महिन्याभरात त्याला दीड तास लागायला लागतो कारण आपण त्याचा स्टॅमिना वाढवत असतो आणि डोकं तापलेलंच ठेवत असतो. पळणं हवंच, नाही असं नाही, मोकळ्या जागेत लांब दोरीवर मनसोक्त पळू दे. पण त्याला शांत करतं ते नाकाचं काम. फिरायला नेलं की त्याला हुंगू द्या, चला चला करून ओढू नका, एका झाडापाशी पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या, तो तिथे मन लावून काम करत असतो. घरात त्याचं खाणं वाटीत द्यायची सवय मोडा, जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये गुंडाळून द्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात टाका, दुसऱ्या खोलीत लपवून शोध म्हणा. खोक्याच्या चिंध्या होतील, होऊ द्या, ते फाडणं त्याच्या शिकारीचा शेवटचा भाग आहे आणि तो भाग मिळाला की कुत्रा स्वतःहून जाऊन झोपतो. आमच्याकडे रद्दी पुठ्ठा आधी भुऱ्याकडे जातो, मग कचऱ्यात.

उकरायचं असेल तर उकरायला जागा द्या. मोठा टब, त्यात माती किंवा वाळू, नाहीतर नुसत्या जुन्या कपड्यांच्या पट्ट्या, त्यात त्याची खेळणी पुरून ठेवा. गादी वाचते. दोरीची रस्सीखेच खेळल्याने कुत्रा आक्रमक होतो असं अजूनही सांगतात, तसं काही होत नाही, उलट सोड म्हटलं की सोडायचं आणि सोडल्यावर लगेच परत खेळायला मिळतं हे त्याच्या डोक्यात बसलं की तो शब्द बाकी सगळीकडे उपयोगी पडतो, रस्त्यावर काहीबाही तोंडात घेतल्यावर तर फारच.

आणि झोप. याबद्दल कुणी बोलतच नाही. मोठा कुत्रासुद्धा दिवसाचा निम्मा वेळ झोपेत काढतो, पिल्लू तर त्याहून बरंच जास्त. टेरियर पिल्लू दमलं की झोपत नाही, सुसाट सुटतं, पाय चावतं, पडद्याला लटकतं, आणि आपण समजतो की अजून एनर्जी बाकी आहे म्हणून अजून खेळवतो. अशा वेळी दिवे कमी करून, त्याच्या जागेवर चावायला काहीतरी देऊन, आपण शेजारी गप्प बसलं की बहुतेक वेळा ते थोड्या वेळात झोपतं. नवीन कुत्रा घेणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते.

भुंकण्याचं मात्र मन लावून बघावं लागतं कारण शेजारी असतात आणि त्यांनाही शांततेचा हक्क आहे. बेल वाजली, लिफ्टचं दार वाजलं, जिन्यात पावलं वाजली की टेरियर क्रॉस सांगणारच. आपण आतून गप्प गप्प असं ओरडलो की त्याच्या दृष्टीने आपणही भुंकायला लागलेलो असतो. आम्ही एवढंच केलं की बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला, अगदी हळू आवाजात लावायचा, भुंकायच्या आत त्याच्या चटईवर एक खाऊचा तुकडा टाकायचा, असं रोज थोडं थोडं, आवाज वाढवत नेला. आता बेल वाजली की तो एकदा भुंकतो आणि चटईवर जाऊन बसतो. तो एक भुंक मी कधीच बंद करणार नाही, तो त्याचा आहे. वेळ लागतो याला, आठवडे लागतात, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच गोष्ट करावी लागते नाहीतर गाडी परत मागे येते.

याच संदर्भात मारण्याबद्दल. दोन फटके दिल्याशिवाय असले कुत्रे वठणीवर येत नाहीत असं मला तोंडावर सांगणारे भेटलेत, त्यात स्वतःला ट्रेनर म्हणवणारेही होते. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ घरगुती कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओरडून, झटके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ट्रेनिंगच्या वेळी ताणाची लक्षणं जास्त दिसली, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढलेलं होतं, आणि ज्यांना जास्तच कडक शिकवलं होतं ते ट्रेनिंगच्या बाहेरही नव्या गोष्टीबद्दल जास्त निराश अंदाज बांधत होते. विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे. पण टेरियरच्या बाबतीत याहून साधं कारण आहे, ज्या कुत्र्याला चावा बसला तरी मागे न हटण्यासाठीच घडवलंय त्याला फटका मारून तुम्ही काय सांगणार आहात? तो मागे हटत नाही, तो अजून भिडतो, आणि मग लोक म्हणतात कुत्रा बिघडला.

गुरगुरण्यावर तर हसतात लोक. मोठा कुत्रा गुरगुरला की सगळे चार पावलं मागे जातात, छोटा गुरगुरला की बघ कसा चिडतोय म्हणून अजून डिवचतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात. गुरगुरणं म्हणजे कुत्रा सभ्यपणे नको म्हणतोय. ते ऐकलं नाही किंवा त्याबद्दल त्याला मारलं की तो पुढच्या वेळी न गुरगुरता सरळ चावायला शिकतो. त्याला न विचारता उचलणं हाही तोच प्रकार, आकार छोटा म्हणून जो येतो तो वरच्या वर उचलतो, झोपलेला असला तरी. मुलांना आधीपासून शिकवा, तो आपल्याकडे आला तर हात लावायचा, जेवताना आणि झोपेत लावायचा नाही. भुऱ्या आजवर कुणाला चावला नाही याचं श्रेय मी माझ्या भाच्यांना देते कारण ती मुलं हा नियम मोठ्या माणसांपेक्षा नीट पाळतात.

दोरीशिवाय रस्त्यालगत सोडू नका, कितीही शिकलेला असला तरी. मांजर पळालं की त्याचे कान बंद होतात, त्याच्या मनात आपल्याबद्दल काही कमी आहे म्हणून नाही. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस वापरा, यॉर्कीचं रक्त असेल तर नक्कीच, कारण अशा कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते आणि ओढाओढीत तिला त्रास होतो, हंस ओरडतो तसा खोकला यायला लागतो.

तब्येतीबद्दल दोन-तीन गोष्टी मला व्हेटनी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, सांगितल्या म्हणून कळल्या. पळता पळता कुत्रा मधेच एक मागचा पाय उचलून तीन पायांवर चार उड्या मारतो आणि परत नीट पळायला लागतो, लोकांना ती त्याची स्टाइल वाटते, पण बरेचदा गुडघ्याची वाटी सरकत असते, दाखवून घ्या. दात लहान जबड्यात दाटीने असतात, त्यांच्यात मळ साचून हिरड्या लवकर खराब होतात, ब्रशची सवय पिल्लू असतानाच लावा. आणि डोळे. टेरियरांमध्ये डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकण्याचा एक आनुवंशिक आजार असतो, क्रॉसमध्येही येऊ शकतो, साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात. डोळा अचानक लाल झाला, मिटून घेतोय, निळसर धुरकट दिसतोय असं वाटलं तर उद्या बघू म्हणू नका, डोळ्यातला दाब वाढून फार थोड्या वेळात नजर कायमची जाऊ शकते. यासाठी डीएनए टेस्टही आहे.

आयुष्य या कुत्र्यांचं लांब असतं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये तीस हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदींवरून १८ जातींचं आयुर्मान काढलं त्यात जॅक रसेल सगळ्यात वर होता, सरासरी १२.७ वर्षं. म्हणजे आज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हट्टासाठी आणलेला कुत्रा ते मूल कॉलेजला जाईपर्यंत तुमच्या घरी असणार आहे, आणि तेवढी वर्षं सकाळी उठून त्याला बाहेर घेऊन कोण जाणार हे मुलाला नाही, स्वतःला विचारायचं असतं.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. पाळीव प्राण्यांवर लेख छापताना कुत्र्याच्या उंची-वजनासोबत तो मुळात कुठल्या कामासाठी होता हे एका ओळीत तरी छापा. कुत्रा देणे आहेच्या जाहिराती येतात त्यात वय आणि रंग असतो, त्यात हेही असू द्या की तो एकटा किती वेळ राहतो, मांजर बघून काय करतो, बेल वाजल्यावर काय करतो. देणाऱ्याला हे लिहायला लाज वाटायचं कारण नाही, घेणाऱ्याला विचारायलाही नाही.

आणि ज्यांच्या घरी आत्ता असा आठ-दहा महिन्यांचा कुत्रा आहे आणि ज्यांनी द्यायचं ठरवत आणलंय त्यांना सांगते, हे वय सगळ्यात अवघड असतं आणि ते सरतं. आधी व्हेटकडे नेऊन कुठे दुखत नाहीये ना ते बघा, मग थोडे आठवडे बॉल कपाटात ठेवा आणि वर लिहिलेली नाकाची कामं रोज द्या, झोप मोजून द्या. तरीही नाहीच जमलं तर द्या, त्यात कमीपणा नाही, पण घेणाऱ्याला घरी बोलवून, कुत्रा बेल वाजल्यावर आणि खार दिसल्यावर कसा असतो ते समोर दाखवून द्या, त्याचं अंथरुण आणि फाडलेली खेळणी सोबत द्या, आणि पहिले काही आठवडे त्यांचा फोन उचला.

आपली,
एक नियमित वाचक